संदर्भांसह पवित्र शास्त्र : सहा वर्षांच्या वापरानंतर

सहा वर्षांपूर्वी मी संदर्भांसह छापलेले मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, विकत घेतले. साधी प्रत घरात होतीच; ही घेतली ती केवळ वचनांच्या जोडीला दिलेल्या, त्याच विषयावरची दुसरी वचने कुठे आहेत हे सांगणाऱ्या बारीक संदर्भांसाठी. रोजच्या व्यवहारात योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवताना या प्रतीचे खरे बळ त्या बारीक अक्षरांतच आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

एक प्रसंग सांगतो. गणेश चतुर्थीच्या दुपारी शेजारच्या काकू उकडीच्या मोदकांचे ताट घेऊन दारात आल्या आणि "बाप्पाचा प्रसाद आहे," म्हणाल्या. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती घरांना हा प्रश्न दरवर्षी पडतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातले 15:29 (अध्याय 15, वचन 29) एवढेच वाचले तर मूर्तीला अर्पिलेले वर्ज्य करावे, हे उत्तर हाती येते. करिंथकरांस पहिले पत्र 10:25 एवढेच वाचले तर बाजारात मिळेल ते चौकशी न करता खाण्याची मोकळीक मिळते. यांपैकी एकच वचन धरून वर्षानुवर्षे वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत. संदर्भ मात्र वाचकाला एका वचनावर थांबू देत नाहीत. ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्याच आठव्या अध्यायाकडे नेतात, जिथे ज्ञान फुगवते आणि प्रीती उन्नती करते, असे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. तिथून रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाकडे, जिथे आपल्या खाण्याने भावाला ठेच लागू नये, ही चिंता आहे. आणि मग पुन्हा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10:28 कडे, जिथे कोणी "हे अर्पिलेले आहे" असे सांगितले तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकभावासाठी ते खाऊ नये, असे म्हटले आहे.

त्या दिवशी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक तरुण आमच्याकडे मुक्कामाला होता आणि ताट पाहून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता. मी काकूंना हात जोडून खरे कारण सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग घरात गेल्या आणि नैवेद्यात न ठेवलेले, दुसऱ्या खेपेचे वाफाळते मोदक घेऊन आल्या. ते आम्ही सर्वांनी खाल्ले.

पैशाच्या व्यवहारात शोध इतका लांबत नाही. पावती न घेतल्यास कर वाचेल, असे दुकानदार सुचवतो तेव्हा ज्याला कर द्यायचा त्याला तो द्या असे सांगणारे रोमकरांस 13:7 आणि खोट्या वजनमापांविषयीचे लेवीय 19:35-36 शेजारी ठेवले की पुरते.

उणिवा आहेत. संदर्भांचा टाइप इतका बारीक आहे की माझ्या आईला भिंग घेऊनही तो लागत नाही. कागद पातळ असल्याने पेनाची खूण मागच्या पानावर उमटते. विषयांची सूची नाही, त्यामुळे कर्ज किंवा जामीनकी अशा प्रश्नाला सुरुवात कुठून करावी हे नवख्याला कळत नाही. भाषाही काही ठिकाणी जड आहे. साध्या माणसाला समजेल अशा मराठीसाठी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. तो ध्यास या छपाईत अधिक दिसायला हवा होता.

तरीही घरात एकच प्रत ठेवायची असेल तर मी हीच घेईन, आणि ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांची साधी प्रत वेगळी घेईन.