साधं पेट्रोल की हाय-ऑक्टेन?

पंपावर दरवेळी अडतोस ना? आधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू बघ. किमान ऑक्टेनचा आकडा बहुतेकदा तिथेच छापलेला असतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटू नये, ही त्याची सहनशक्ती. म्हणून 91 ऑक्टेनवर चालणाऱ्या इंजिनात 95 ओतलं तरी मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही, खिसा तेवढा हलका. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनवाल्या (हवा-पेट्रोल जास्त दाबणाऱ्या) इंजिनाचं मात्र उलट: साध्या पेट्रोलवर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून होणारी खडखड, जाणवलं की इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, जोर घटतो. चढावर खडखड ऐकू येत राहिली तर पिस्टनलाही धोका. इंजिनाची स्वच्छता? ती पेट्रोलमध्ये मिसळलेल्या डिटर्जंटवर, ऑक्टेनवर नाही.

साध्या इंजिनाला साधंच. 95 ‘आवश्यक’ लिहिलं असेल तर काटकसर नको. नुसती ‘शिफारस’ असेल तर भर उन्हात, ओझं घेऊन चढ चढण्यापुरतं भर.