सहा एएचच्या लेबलाखाली दीड एएचची बॅटरी: माझे १४,५२० रुपये कसे गेले

बावीस वर्षे फर्निचरची कंत्राटे घेणाऱ्या माणसाने हे लिहावे याची मला लाज वाटते. पण अशाच बॅटऱ्या घेण्याच्या तयारीत असलेले दोन मिस्त्री याच महिन्यात भेटले, म्हणून लिहितो आहे.

गावाबाहेरच्या एका बंगल्यात किचनचे काम होते आणि तिथे अजून वीजमीटर बसले नव्हते, म्हणून मी बॅटरीवर चालणारी सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची करवत, घेतली. नामांकित कंपनीची नुसती बॉडी (बॅटरीशिवाय) ९,४०० रुपयांना मिळाली आणि ती अस्सल निघाली. घात केला तो बॅटऱ्यांनी. त्याच कंपनीचे नाव आणि '१८ व्होल्ट, ६ एएच' असे ठळक छापलेल्या दोन बॅटऱ्या दुकानदाराने प्रत्येकी ३,६५० रुपयांना दिल्या. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप. "पक्के बिल हवे असेल तर अठरा टक्के वेगळे," असे तो म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर भागवले. साइटवर वस्तू तातडीने हवी असताना आमच्या धंद्यात बहुतेक जण हेच करतात.

बॅटरी हातात घेतली तेव्हाच ती हलकी लागली होती. नुसत्या हाताने सोळा आणि अठरा एमएमचा प्लाय ओळखणारा मी, "ही हलकी कशी?" असे विचारूनही गेलो. "नवीन सेल आहेत शेठ, वजन कमीच असते," एवढे उत्तर मला पुरले. मग त्याने बॅटरी मशीनला लावून ब्लेड हवेत गरगर फिरवून दाखवले आणि मी मान डोलावली! हवेत फिरायला ब्लेडला जोर लागतोच किती? दुकानात प्लायचा तुकडा पडलेला होता, तो कापून दाखव एवढे म्हणायला माझी जीभ का रेटली नाही, हे आजही कळत नाही.

साइटवर आठ फुटी प्लायचा उभा काप घेताना अडीच फुटांवर आवाज बसला, जळका वास आला आणि मशीन बंद पडली. बॅटरीवरचे चार दिवे एकावर आले होते. दहा मिनिटांनी पाहतो तर पुन्हा तीन! बॅटरी गरम झाली असेल असे समजून मी पुन्हा पुन्हा रेटत राहिलो, ब्लेड वाकडे गेले आणि शीट वाया गेली. शेवटी शेजारच्या साइटवरच्या मित्राची अस्सल पाच एएचची बॅटरी लावली, तर त्याच मशीनने, त्याच ब्लेडने आठ फूट एका दमात कापले.

वाण्याच्या काट्यावर मित्राची बॅटरी ६३० ग्रॅम भरली आणि माझी ३८५. लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे ती उघडली, तेव्हा दहा सेलच्या जागेत पाच सेल आणि पाच पुठ्ठ्याच्या नळ्या निघाल्या. एका सेलचे ३.६ व्होल्ट, म्हणून पाच जोडले की अठरा होतात; व्होल्टमीटरला त्यामुळे काहीच खोट दिसत नाही. जाड प्लाय कापताना मात्र सॉ चाळीस-पन्नास अँपिअरही ओढते. दहा सेल असले की हा भार दोन रांगांत वाटला जातो. पाचच असले की सगळा भार प्रत्येक सेलवर येतो, व्होल्टेज कोसळते आणि आतले सर्किट बॅटरीचा पुरवठा तोडते. काप थांबला की व्होल्टेज वर येते, म्हणून दिवेही परत लागतात. छोट्या बॅटरीवर ड्रिल चालून जाते, सॉ नाही. आणि मोठी बॅटरी म्हणजे नुसती जास्त वेळ चालणारी बॅटरी नव्हे, जास्त जोर देणारीही.

सर्वांत जास्त झोंबते ते पुढचे. खरेदीच्या दिवशी मेव्हण्याला पाठवायला मी बॅटरीचा फोटो काढला होता. त्यात '६ एएच'च्या खाली बारीक अक्षरांत '२७ वॉट-अवर' असे चक्क छापलेले आहे. व्होल्टला एएचने गुणले की वॉट-अवर येतात; अठराला सहाने गुणले की १०८ होतात. २७ म्हणजे दीड एएच. चोराने लेबलवरच कबुली दिली होती आणि ती माझ्या खिशात होती. हा गुणाकार दुकानातच करा.

दोन बॅटऱ्यांचे ७,३००, शीटचे ३,५२०, दोन मदतनिसांच्या वाया गेलेल्या रोजाचे २,२०० आणि भाड्याच्या जनरेटरचे १,५००. दुकानदार म्हणाला, "उघडलेला माल परत नाही." न उघडता मला आतल्या नळ्या कशा दिसणार होत्या?

पोलीस चौकीत साहेबांनी बॅटरी उलटीपालटी करून विचारले, "चालते ना? मग फसवणूक कसली?" ही दिवाणी बाब आहे, असे सांगून त्यांनी मला एका सरकारी कार्यालयात पाठवले. तिथे कळले की त्यांचे काम वजनाचे, करंटचे नाही. मी वजनाचाच फरक दाखवतो आहे असे म्हटल्यावर, पाकिटावर वजन छापलेलेच नाही तर फरक कशाशी, असा उलट प्रश्न आला. तिसऱ्या ठिकाणी बिल क्रमांकाशिवाय अर्ज घेईनात. कच्ची चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद दाखवली, तर "आधी पक्के बिल आणा". ज्याने फसवले त्याच्याकडूनच पुरावा आणायचा! चार खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला माझा एक दिवस बुडाला. अठरा टक्के वाचवल्याची ही किंमत. पक्के बिल घ्याच.

लिथियम बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माझ्या बॅटरीवर त्या जागी नुसता बारकोड आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. दुसरी बॅटरी मुद्दाम उघडलेली नाही. ती उघडायची ती आयोगासमोरच.