डोंगरउतारावरची वस्ती : मोठा नकाशा की पायी पाहणी?
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणतेचा, म्हणजे दरड कुठे कोसळू शकते ते दाखवणारा, नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आधी कोणत्या भागाकडे बघायचं, हे ठरवायला तो चांगला. पण मुंबईत घाटकोपर-विक्रोळीच्या उतारांवर तेवढ्यात शेकडो घरं मावतात. २००० साली घाटकोपरच्या आझाद नगरावर दरड कोसळली, २०२१मध्ये चेंबूर-विक्रोळीत माणसं झोपेत गाडली गेली. तिथे गल्लीगल्लीतून पायीच फिरायला हवं. संरक्षक भिंतीला पोट आलंय का, पाणी निघायची भोकं मातीनं बुजलीत का, मोरीचं सांडपाणी कुठे मुरतंय? वरून हे दिसत नाही. पाहणीला माणसं लागतात, दर पावसाळ्याआधी ती पुन्हा करावी लागते. तरी पैसा एकाच कामापुरता असेल, तर माझं मत पाहणीलाच. मुसळधार पावसात मध्यरात्री कोणतं दार आधी ठोठावायचं, ते तिच्यातूनच कळतं.