१०८ मिलिमीटरची फ्रीराइड स्की: दोन हिवाळे आणि मधला वैदर्भी उन्हाळा

फ्रीराइडसाठी, म्हणजे आखलेल्या वाटेबाहेरच्या मोकळ्या बर्फावर चालवायला, रुंद स्की घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न रुंदीचाच येतो. रुंदी म्हणजे कंबरेची, बुटाखालच्या सगळ्यात अरुंद भागाची. आमचं मत आधीच सांगतो: जोरात चालवणाऱ्यानं ही रुंदी सकाळच्या ताज्या बर्फावरून ठरवू नये, दुपारी दोनच्या तुडवलेल्या बर्फावरून ठरवावी. ताज्या भुसभुशीत बर्फावर कुठलीही रुंद स्की तरंगते. खरी परीक्षा त्यानंतर असते.

वापरातली जोडी अशी आहे: लांबी १८८ सेंमी, कंबर १०८ मिमी, वळणाची त्रिज्या साधारण २३ मीटर. लाकडी गाभा, त्याच्या वर आणि खाली टायटॅनलचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. टोक उचललेलं, बुटाखाली कमान, शेपूट जवळजवळ सपाट. बाइंडिंग (बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड) सोडून एका स्कीचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास.

गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवाटच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. जानेवारी-फेब्रुवारीत मोठी बर्फवृष्टी झाली की वारा आणि हिमस्खलनाच्या भीतीनं वरचा टप्पा बंद असतो. तो उघडला की काही तासांत वरचा उतार माणसांनी नांगरून निघतो. एकाच फेरीत वर खोल बर्फ, मधे ढेकळं आणि कोंगडोरी या मधल्या स्थानकाच्या खाली झाडं आणि उंचवटे, असं सगळं भेटतं. ११८-१२० मिमीची स्की वरच्या टप्प्यात मजा देते, पण कठीण बर्फावर ती तिच्या पोलादी कडेवर उभी करायला वेळ लागतो. कड पायाच्या मध्यापासून लांब गेल्यामुळे गुडघ्यावर मुरड वाढते. उलट ९५ मिमीची खोल बर्फात नाक खुपसते, मग मागे रेलून चालवावं लागतं आणि मांड्या भरून येतात. वखराच्या पासेनं कोणी डवरणी करत नाही, आणि डवऱ्यानं कोणी पेरणीआधीचं रान काढत नाही. पण सगळ्या कामांना एकच जोडी घ्यायची असेल तर १०६ ते ११२ मध्येच राहावं.

रुंदीइतकंच वजन बघा. सतराशे ग्रॅमची हलकी स्की दुकानात हातात घ्यायला छान वाटते; ढेकळांत वेगानं शिरली की टोक इकडेतिकडे उडतं. जड स्की आणि धातूचा पत्रा हा हादरा पिऊन टाकतात, म्हणून रेषा धरून राहते. मोबदल्यात ती हळू चालवणाऱ्याचं ऐकत नाही. शेपूट कडक असेल तर उडीनंतर आधार मिळतो, पण वजन मागे गेलं की तीच शेपूट माणसाला पुढे फेकते. तंत्र पक्कं नसलेल्यानं हा प्रकार घेऊ नये, हे अगदी मनापासून सांगतोय.

लांबीचं एक ध्यानात ठेवा. टोक उचललेलं असल्यानं कठीण बर्फावर प्रत्यक्षात टेकणारी कड कमी असते, म्हणून ही स्की डोक्याच्या उंचीपेक्षा ५ ते १० सेंमी लांब घेतली तरी जड जात नाही. ६५ किलोच्या आतल्यांनी मात्र १८० च्या जवळ थांबावं.

बाइंडिंग बसवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्कीवरची शिफारस केलेली रेघ आणि बुटाच्या तळव्याची मध्यखूण जुळवा. पहिल्या मोसमात रेघ सोडू नका. धातू असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं बिट लागतं आणि भोक ९ मिमीच खोल. गावातल्या सुताराच्या ड्रिलला खोलीचा अडसर नसतो, दोन मिलिमीटर जास्त गेलं की तळाला फुगवटा येतो. भोकात आटे पाडा, बर्फाचं पाणी गाभ्यात उतरू नये म्हणून पाण्याला टिकणारा गोंद घाला आणि मगच स्क्रू कसा. ब्रेक (बूट सुटल्यावर स्की अडवणारा) ११० किंवा ११५ मिमीचा. अरुंद ब्रेक कडेवर अडतो, १३० चा कठीण बर्फावर घासतो. डिनचा आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोरावर बूट सोडेल ते, वजन, उंची, वय आणि तळव्याच्या लांबीच्या तक्त्यावरूनच लावा.

मोसमाच्या सुरुवातीला बर्फाखाली दगड असतात. तळाची उथळ चीर पी-टेक्स (तळाचंच प्लास्टिक) वितळवून भरते. गाभा दिसत असेल तर नुसतं पी-टेक्स धरत नाही, आधी इपॉक्सीचा थर द्यावा लागतो. दगडावर घासलेली कड तापून कडक होते आणि कानस तिच्यावरून नुसती घसरते. आधी डायमंड स्टोननं तो कडक थर काढा, मग कानस चालवा. तळाकडून १ अंश आणि बाजूनं २ अंश पुरे.

आता आपल्याकडचा प्रश्न. वर्षातले अकरा महिने स्की गावात पडून असते आणि मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथे मेण पातळ होऊन पिशवीला चिकटतं. लाकूड आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, मधला चिकटा ढिला पडतो, आणि शेपटीकडून पदर सुटायला लागतो. जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत, खाली, उत्तरेच्या बाजूला ठेवा. कूलरच्या झोतात अजिबात नको. त्या ओलसर हवेनं पावसाळ्याआधीच कडा तांबारतात. भिंतीला टेकवू नका, उधई पिशवीतून चढते. दोन फळ्यांवर आडवी ठेवा, दोन्ही स्की पट्ट्यानं आवळून बांधू नका, नाहीतर कमान बसते.

ठेवण्याआधी तळ आणि कडा कोरड्या पुसून १२०-१३० अंशांच्या इस्त्रीनं नेहमीच्या दुप्पट मेण चढवा. कडाही मेणाखाली झाकल्या गेल्या पाहिजेत. खरवडू नका. वर बटर पेपर, त्यावर जुन्या धोतराचं कापड. कपड्याची इस्त्री वापरू नका. तिचं तापमान वरखाली होतं आणि मेणातून धूर निघाला म्हणजे तळ भाजायला लागला असं समजा. पोळ्यापर्यंत एकदा कापड उघडून बुटाजवळच्या कडा बोटानं चाचपा. खरखरीत लागल्या तर गमी स्टोन (गंज काढायचा रबरी दगड) फिरवून तेवढ्या जागी पुन्हा मेण लावा.