धुळ्यातून यॉट घ्यायची तर: पोलादी, फायबर की भाड्याची?

आमचे आप्पा, म्हणजे माझे आतेभाऊ, धुळ्यात सरकीच्या तेलाची मिल चालवतात. पंचावन्न वर्षं त्यांचा मोठ्या पाण्याशी संबंध आला तो सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडण्यापुरता. मागच्या डिसेंबरात एका व्यापारी मित्राच्या यॉटवर दिवस काढून आले आणि तेव्हापासून त्यांना यॉट हवी आहे. मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही मोठ्या खासगी यॉटवर, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. फोनवर म्हणाले, "पैसा लागस ते लागू दे, पन कटकट कितली शे ते सांग."

प्रश्न अगदी बरोबर विचारला त्यांनी. बहुतेक जण किंमत विचारतात आणि तिथेच फसतात.

आप्पांपुढे दोन बोटी आहेत, दोन्ही मुंबईत. एक 24 मीटरची पोलादी, वीस वर्षं जुनी, जड पोटाची आणि संथ. दुसरी 18 मीटरची फायबरची, चार वर्षांची, पळणारी. दोघींची किंमत जवळजवळ सारखीच, 6 कोटींच्या आसपास सांगितली आहे. तिसरा पर्याय मी मध्ये घुसवला: विकत घ्यायचीच नाही, हवी तेव्हा भाड्याने न्यायची. आप्पांना तो अजिबात आवडला नाही, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी चाल. पोलादी बोट पाणी कापत, पाण्यात बसून चालते. अशा बोटीला तिच्या लांबीने बांधून दिलेला वेग असतो: पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. पाण्याला टेकलेली लांबी 72 फूट असेल तर साधारण 11.4 नॉट. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर. त्यापुढे कितीही डिझेल ओता, बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि अडकते. शहाणा कप्तान तिला 9 नॉटवर ठेवतो. फायबरची बोट मात्र जोर लावला की पोट उचलते आणि पाण्यावरून घसरत 24 नॉटने जाते. पण उचलायला ताकद लागते. तिच्यात 1000 हॉर्सपॉवरची दोन इंजिनं आहेत.

डिझेलचा हिशोब मी आप्पांना मिलच्या जनरेटरवरून समजावला. एका लिटरमागे चांगलं इंजिन साधारण 4 किलोवॅट-तास काम देतं; समुद्रात गेलं म्हणून ते बदलत नाही. फायबरवाली 80 टक्के जोरावर पळाली की तासाला 300 लिटर. पोलादी 9 नॉटवर, जनरेटर धरून, तासाला 40 लिटर. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल पडतात. फायबर साडेनऊ तासांत पोचेल आणि 2800 लिटर पिईल. पोलादीला पंचवीस तास लागतील, डिझेल 1000 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर एकीकडे अडीच लाख, दुसरीकडे 90 हजार.

इथपर्यंत ऐकून आप्पा पोलादीकडे झुकले. मग मी त्यांना विचारलं, कसारा घाटात तुम्हाला अजून गाडी लागते का? लागते. मग बोटही लागेल. जड पोटाची बोट आडव्या लाटेवर पाळण्यासारखी डुलते, दोन्ही बाजूंना पोटाखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर नसतील तर हमखास. हिला ते आहेत, पण त्यांची सीलं आणि हायड्रॉलिक पंप हा वेगळा खर्च आहे, आणि सीलं बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते. फायबरवाली पळताना कमी डुलते पण आपटते. नांगरावर उभी असताना दोघीही सारख्याच वाईट.

आता शरीर. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपण आधी दात बघतो. पोलादी बोटीचे दात तिच्या तळघरात असतात. पोलाद बाहेरून कमी गंजतं, कारण बाहेरचा रंग दरवर्षी होतो आणि तळाला जस्ताचे तुकडे लावलेले असतात, ते स्वतः झिजून पत्रा वाचवतात. गंज लागतो आतून. फ्रीजखाली, संडासाच्या फरशीखाली, शॉवरचं पाणी साचतं त्या कोपऱ्यात, जिथे वीस वर्षांत कोणाचा हात पोचलेला नाही. तिथे हातोडीने वाजवायचं. चांगला पत्रा टणकन बोलतो, सडलेला भद्द आवाज करतो. मग अल्ट्रासोनिक मीटरने जाडी मोजून घ्यायची आणि बांधणीच्या नकाशातल्या आकड्याशी ताडायची. पत्रा बदलणं अवघड नाही, वेल्डर कोणत्याही गोदीत मिळतो. पण वेल्डिंगच्या आधी आतलं सागवानी फर्निचर, इन्सुलेशन आणि वायरिंग उतरवावं लागतं. दोन दिवसांच्या वेल्डिंगसाठी तीन आठवडे सुतारकाम, असा तो प्रकार.

फायबर गंजत नाही, हे खरं. पण पाणी पितं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की बाहेरच्या थराखाली फोड येतात, आणि डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये हलका गाभा असेल तर एखाद्या नीट न लावलेल्या स्क्रूच्या भोकातून आत गेलेलं पाणी गाभा कुजवत राहतं. डेकवर चालताना एखाद्या ठिकाणी पाय किंचित दबला तर समजायचं. चार वर्षांच्या बोटीत हे असण्याची शक्यता कमी. तरी ओलाव्याचं मीटर फिरवल्याशिवाय सही करू नये.

तळाचा रंग दोघींनाही दरवर्षी. आपला समुद्र कोमट, त्यामुळे शिंपल्यांचा थर झपाट्याने चढतो, आणि खरखरीत तळाची पळणारी बोट पाणी सोडून उचलतच नाही. फायबरवालीला हा आळस परवडत नाही. पोलादीला अर्धा नॉट कमी पडेल, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. यॉट चालून बिघडते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते.

काही वर्षांपूर्वी मी एका मालकाच्या यॉटवर गेलो होतो. मालक आपल्याकडचेच, मुक्काम समुद्रापासून लांब. बोट सांभाळायला एक माणूस ठेवला होता, तो दर आठवड्याला इंजिन चालवतो अशी वही होती, सह्यांसकट. मी तासांचं मीटर बघितलं. ट्रॅक्टर घेताना आपण बघतो तसंच. सात महिन्यांत मीटर फक्त तीन तास सरकलं होतं. मग समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं पितळी झाकण उघडलं. आत इम्पेलर असतो, तळहाताएवढं काळ्या रबराचं फूल, त्याच्या पाकळ्या पंपाच्या भिंतीला दबून फिरतात आणि समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड करतात. महिनोन्महिने एकाच जागी दबून राहिलेलं रबर त्याच आकारात आखडलं होतं. कधीतरी चालू केल्यावर तीन पाकळ्या तुटल्या होत्या.

नवा इम्पेलर बसवायला वीस मिनिटं लागतात. माझा दिवस गेला तो तीन पाकळ्या शोधण्यात. ठिबकच्या नळीत एक कण अडकला की पुढची केळी कशी सुकतात हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. इथे तीच गोष्ट. दोन पाकळ्या हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे समुद्राचं पाणी जिथे इंजिनची उष्णता ओढून घेतं त्या भागाच्या, नळ्यांच्या तोंडाशी मिळाल्या. तिसरी दुपारी चार वाजता, गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या वळणात. ती तिथेच राहिली असती तर पुढच्या लांब फेरीत गिअरबॉक्सचं तेल तापून करपलं असतं, आणि एवढ्याशा रबरासाठी मालकाने लाखोंचं बिल भरलं असतं.

उभ्या बोटीचे बाकीचे रोग थोडक्यात. डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी जमतं आणि डिझेल व पाणी यांच्या सांध्यावर जंतू वाढून काळा चिखल होतो, तो फिल्टर बंद करतो. फक्त एसीसाठी तासन् तास हलक्या लोडवर चालवलेल्या जनरेटरच्या सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि तो तेल खायला लागतो. बॅटऱ्या मरतात. पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा पडदा नीट धुऊन, औषध घालून ठेवला नाही तर बाद होतो.

यात पोलादी आणि फायबर यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. पोलादीचं इंजिन मोठं, संथ, तब्येतीने जाड. आळस सहन करतं. फायबरवालीची टर्बोवाली इंजिनं लहान शरीरातून हजार घोडे काढतात, त्यांचं शेड्यूल चुकवून चालत नाही. पण पोलादीवर यंत्रं किती आहेत बघा: दोन जनरेटर, स्टॅबिलायझर, पाण्याचं यंत्र, पुढचा थ्रस्टर (बोटीचं नाक आडवं ढकलणारा पंखा), सांडपाण्याच्या टाक्या, क्रेन. लांबी 18 वरून 24 झाली की बोटीचं आकारमान सव्वादोनपटीच्याही वर जातं, कारण रुंदी आणि खोलीही वाढते. खर्च आकारमानाच्या मागे जातो, लांबीच्या नाही. शिवाय 24 मीटर हा जगभर मोठ्या यॉटचा उंबरठा धरतात. त्याच्यावर व्यावसायिक वापराचे नियमही जड होतात.

बाजारात ढोबळ हिशोब असा चालतो की किमतीच्या दहा टक्के वर्षाला. 6 कोटींना 60 लाख. इथे एक खाच आहे, आणि जुन्या बोटीचा विक्रेता ती सांगत नाही: दहा टक्के नव्या बोटीच्या किमतीवर धरायचे. वीस वर्षांत बोटीची किंमत उतरली, पण तिच्या पंपाची, रंगाची, खलाशांच्या पगाराची उतरलेली नाही. म्हणून सारख्या किमतीच्या या दोन बोटी सारख्या खर्चाच्या नाहीत. पोलादीला कप्तान, इंजिनिअर, दोन खलाशी बारमाही लागतील. फायबरवाली कप्तान आणि एका खलाशावर चालेल, इंजिनिअर गरजेपुरता बोलावता येतो.

नवी घ्यायची म्हणत असाल तर एकच सांगतो: 22 सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या यॉटवर जीएसटी 40 टक्के आहे. आधी 28 अधिक 3 टक्के उपकर होता.

आता आप्पांचं कॅलेंडर. पावसाळ्यात पश्चिम किनारा बंद. 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते, आणि खासगी बोटी मे संपायच्या आत वर ओढून झाकतात. फिरायचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आणि कापूस कधी येतो? दसऱ्यानंतर. सरकीचं गाळप जोरात असतं ते नेमकं समुद्र शांत असतो तेव्हा. आप्पांना मोकळीक मिळते ती जून-जुलैत, जेव्हा बोट ताडपत्रीखाली असेल. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे शनिवार जाण्यात आणि रविवारची संध्याकाळ येण्यात. मी त्यांनाच दिवस मोजायला लावले. बोटांवर मोजत चौदावर थांबले, त्यात दिवाळीचे चार.

60 लाख भागिले 14 म्हणजे दिवसाला सव्वाचार लाखांच्या वर, डिझेल सोडून. म्हणून भाड्याचा पर्याय. गेटवेवरून कप्तान-खलाशांसह यॉट तासावर आणि दिवसावर मिळते, अलिबागजवळच्या मांडव्याच्या बाजूला जाऊन नांगर टाकून परत येता येतं. इम्पेलर कोणाचा तुटला हे आपल्याला कळतही नाही. तोटे आहेत: मनात आलं की निघालो असं होत नाही, दिवाळीच्या तारखा आधीच गेलेल्या असतात, आणि पाहुण्यांना "माझी बोट" म्हणता येत नाही. आप्पांसाठी शेवटचा तोटा सर्वांत मोठा आहे हे मला माहीत आहे, त्यांनी तो बोलून दाखवला नाही इतकंच.

त्यांनी दोन तोडगे सुचवले. एक, तिघांनी मिळून घेऊ. भागीचं घोडं किवणानं मेलं, एवढंच म्हणालो. दोन, आपण नसताना भाड्याने देऊ. ते पांढऱ्या पाटीची गाडी टॅक्सी म्हणून चालवण्यासारखं आहे: व्यावसायिक नोंदणी, प्रवाशांसाठीची तपासणी, विमा, सगळं वेगळं. होतं, पण मग तो धंदा झाला, आणि धंदा त्यांच्याकडे एक आहे. मिलमधल्या मुनीमजींनी तिसरा सुचवला, तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात लहान बोट ठेवा. पाणी गोडं, मीठ नाही, घरापासून जवळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की बोट चिखलात बसेल, पण मला स्वतःला तो विचार वाईट वाटला नाही. आप्पा हसले.

माझं मत त्यांना लिहून दिलं. दोन हंगाम भाड्याने फिरा आणि दिवस वहीत लिहा. वर्षाला तीसच्या वर गेले तर फायबरवालीसारखी घ्या, कारण ज्याच्याकडे फक्त रविवार आहे त्याला 9 नॉटची बोट मांडव्याच्या पुढे नेऊ शकत नाही. पोलादी ज्याला महिनाभर बोटीवर राहायचं आहे त्याची. आणि कोणतीही घेतली तरी सांभाळणाऱ्याची वही बघू नका, तासांचं मीटर बघा. दर पंधरा दिवसांनी त्याचा फोटो मागवा.

त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, रविवारी दोन्ही बघून तर येऊ. विकणाऱ्यांना कळवलं आहे की आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गार इंजिन कसं उठतं, धूर पांढरा, निळा की काळा, ते बघायचं आहे. माझ्या पिशवीत हातोडी, टॉर्च आणि तेलाच्या नमुन्यासाठी चार बाटल्या आहेत. वहिनींनी आप्पांच्या खिशात उलटीच्या गोळ्या ठेवल्या आहेत, लिंबू वेगळं.