घारापुरी, कोळीवाडा की बोरिवलीचे पाडे? एका दिवसाची सहल आणि पैशाची वाट

पाहुण्यांना मुंबईची जुनी ओळख दाखवायची आणि आपल्या जाण्याचा तिथल्या माणसांना उपयोगही व्हावा, असं मनात असेल तर एका दिवसात जमणारे तीन पर्याय आहेत: घारापुरी बेट, एखादा कोळीवाडा, नाहीतर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तिथले आदिवासी पाडे. यातून एक निवडायचा तर 'बघण्यासारखं काय' याआधी 'पैसा कुणाच्या हातात पडतो' हे विचारावं. उत्तरं बरीच वेगळी निघतात.

घारापुरीला सगळ्यात मोठा खर्च गेटवेहून सुटणाऱ्या लाँचचा. तो लाँचवाल्यांकडे जातो. लेण्यांच्या तिकिटाचे ४० रुपये (परदेशी पाहुण्याला ६००) पुरातत्त्व खात्याकडे. गावाला थेट मिळतो तो ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, डोलीवाल्यांची मजुरी, पायऱ्यांवरच्या दुकानांतली विक्री आणि जेवणाचे पैसे. त्यामुळे घरून डबा नेणं इथे वाटतं तितकं पुण्याचं काम नाही. पाण्याची बाटली आपली न्या, जेवण मात्र बेटावरच घ्या. बहुतेक लोक शेतबंदरला उतरून, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढून, मुख्य लेणं पाहून दोन तासांत परततात. मोराबंदर आणि राजबंदर या दोन वस्त्यांकडे कुणी फिरकतही नाही. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटरवर निघायचे. हे लक्षात ठेवून गावातून फिरलं की १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या लेण्यांइतकंच गावही समजतं.

कोळीवाड्यात तिकीट नाही, मधला माणूसही बहुधा नाही. मासळी विकणारी मावशी, मसाला कुटून विकणारी बाई, बचत गटाचा खाण्याचा स्टॉल, सगळे पैसे त्याच गल्लीत फिरतात. माहीमच्या कोळीवाड्यात महिला बचत गटांचा सी-फूड प्लाझा सुरू झाला तो याच हेतूने. वर्सोव्याला थंडीत सी-फूड महोत्सव भरतो. तिथे गर्दी प्रचंड, पण तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी घरच्याच हातची मिळते.

पाड्यांचं गणित सगळ्यात नाजूक. उद्यानाचं प्रवेश तिकीट वनखात्याकडे, तिथल्याच कान्हेरी लेण्यांचं पुरातत्त्वकडे. दिवसभर उद्यानात भटकलात तरी नवापाड्यातल्या किंवा चिंचपाड्यातल्या घराला एक रुपयाही न मिळण्याची शक्यता मोठी. मिळतो तो मुख्यतः दोन वाटांनी: पावसाळ्यात बाया विकायला आणतात ती रानभाजी, आणि हाताने काढलेलं वारली चित्र. चित्र घेताना ठिपके आणि रेषा निरखून बघा. छापलेल्या चित्रात एकच माणूस हुबेहूब तसाच पुन्हा दिसतो; हाताच्या कामात प्रत्येकाचा कोन जरा वेगळा असतो, आणि तांदळाच्या पिठाची रेषा बोटाला किंचित खरखरीत लागते. हल्ली पांढरा पोस्टर कलरही वापरतात, त्यात फसवणूक नाही. चित्रकार कोण, हे विक्रेत्याला सांगता यावं एवढंच.

आता ऋतू. निवड चुकते ती बहुतेक इथेच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दिवसांत कोळीवाड्यात जाऊन ताजं पापलेट मागितलंत तर समोर येतो तो शीतगृहातला किंवा परराज्यातला माल. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसल्याने खाडीतली थोडी मासळी मिळते, पण तेवढीच. कोळीवाड्याला खरी मदत करायची तर एप्रिल-मे गाठा. वलांड्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवांवर, बोंबील वाळत असतात, जवळा-करंदी उन्हात पसरलेली असते, मसाल्याच्या मिरच्या सुकत असतात. तेव्हा घेतलेला सुका बाजार म्हणजे बंदीच्या दोन महिन्यांसाठी त्या घरांच्या गाठीला पैसे. वाळवणावरून चालू नका आणि फोटोसाठी बोंबील उचलून धरू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक तसं करतात.

ताज्या मासळीबद्दल एक पथ्य. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवली; पापलेटची साडेतेरा सेंटिमीटर आहे. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पंधराची असते, तिच्यावरून अंदाज घ्या. त्याहून लहान पापलेट स्वस्त मिळतं म्हणून घेतलं की अंडी घालण्याआधीच मासा संपतो, आणि पुढच्या मोसमात त्याच मावशीची पाटी रिकामी राहते. त्याऐवजी बांगडा, मांदेली, तिसऱ्या मागा. मावशी करायचं कसं तेही सांगेल. घासाघीस थोडी चालते; निम्म्याला मागणं म्हणजे वाद ओढवून घेणं.

उद्यानाचा ऋतू याच्या अगदी उलट, म्हणजे जून ते सप्टेंबर. पहिल्या सरींनंतर शेवळं, मग टाकळा, कुरडू, फोडशी, पुढे कंटोली. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्यासोबतच विकायला असलेली काकडं (आंबट रानफळं) घ्या किंवा चिंच घाला. टाकळ्याची कोवळी पानंच घ्या, जून पानं कडवट लागतात. पाड्यात शिरायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर किंवा वनखात्याच्या गाइडसोबत. कुणाच्या अंगणात उभं राहून सेल्फी काढायला ते प्रदर्शन नव्हे. बिबट्यांचा भाग आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत बाहेर. वाघोबाच्या, म्हणजे पाड्यातल्या वाघदेवाच्या, ठाण्यावर चपला काढा.

घारापुरीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करा. डिसेंबर २०२४ च्या बोट दुर्घटनेनंतर लाईफ जॅकेटचा आग्रह वाढला आहे. हातात दिलं तर ते मांडीवर ठेवून बसू नका, घाला. वेफर्सचं पाकीट उघडं दिसलं की माकडं ओढतात आणि प्लॅस्टिक कड्यावर जाऊन पडतं. रिकामी बाटली, पाकीट सगळं लाँचमधून परत आणा.

धारावीचा कुंभारवाडा या तुलनेत मुद्दाम घेतला नाही. तिथे वस्ती 'बघायला' जाण्यापेक्षा दिवाळीआधी पणत्या घ्यायला जावं, फेरी आपोआप होते.

गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील तर कोळीवाडा. परदेशी पाहुणे पहिल्यांदाच आले असतील तर घारापुरी, पण पूर्ण दिवस हातात ठेवून. शाळकरी मुलं आणि पाऊस असेल तर बोरिवली. दहा-बारा जणांचा गट घेऊन कोळीवाड्याच्या बोळात घुसू नका. तिथे चार-पाच जण पुरेत, मोठा गट बेटाला सोसतो. सुट्टी सोमवारचीच असेल तर निवड उरतच नाही: लेणीही बंद, उद्यानही बंद. कोळीवाडा उघडा असतो, मात्र सोमवार-गुरुवारी मुंबईत मासे खाणारे कमी, म्हणून बाजार थंड. गिऱ्हाईक नसल्याने मावशीला बोलायला वेळ असतो, भावही जरा उतरलेला. बुधवार, शुक्रवार, रविवारी तेच पापलेट महाग.