घराच्या प्लॉटवरील झाडी काढताना : जेसीबी की मजूर?

गिरणारे किंवा त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला घेऊन ठेवलेल्या प्लॉटकडे काही वर्षे कुणी फिरकले नाही, की तेथे सुबाभूळ, बाभूळ, बोर आणि घाणेरी यांची दाट झाडी माजते. बांधकाम सुरू करायचे ठरल्यावर ती जेसीबीने काढावी की मजूर लावून, हा प्रश्न नाशिकमधील अनेकांपुढे येतो. आमच्या प्लॉटचा रस्त्याकडचा भाग जेसीबीने आणि मागचा भाग मजुरांकडून साफ करून घेतला होता. पुढील मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत. मोजमापांचा दावा त्यात नाही.

परवानगीचा भाग दोन्ही पद्धतींत सारखाच आहे. महापालिका हद्दीत झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा अधिनियम लागू असून वृक्ष प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना तर वेगळाच दर्जा मिळाला आहे. हद्दीबाहेर वृक्षतोडीसंबंधीच्या 1964 च्या अधिनियमातील अनुसूचित वृक्ष, म्हणजे साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह वगैरे, यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जेसीबी जागेवर येऊन उभा राहिला की कोणते झाड ठेवायचे याचा विचार करण्यास सवड उरत नाही, म्हणून ठेवायच्या झाडांना आधीच चुन्याचा पट्टा मारून घ्यावा.

जेसीबीची बाजू भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मजुरांना कित्येक दिवस लागतील असे काम तो एका दिवसात उरकतो आणि मुख्य म्हणजे खुंट मुळासकट उपटतो. सुबाभूळ नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते, घाणेरीही जमिनीत राहिलेल्या बुडख्यातून वर येते, त्यामुळे खुंट निघणे ही चैन नसून गरज आहे. शिवाय जमिनीत राहिलेले लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते आणि कालांतराने त्या जागी पोकळी होते.

परंतु काळ्या मातीत खुंट उपटला की भलामोठा खड्डा पडतो आणि चालक तो त्याच भुसभुशीत मातीने लोटून देतो. घराचा पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जात असल्याने त्याला सहसा धोका नसतो. मात्र कुंपणाची भिंत, अंगणातील फरशी आणि सांडपाण्याची वाहिनी अशा भरावावर आली, तर पहिल्या पावसाळ्यानंतर ती खचू शकते. असे खड्डे मुरूम टाकून, थराथराने चोपून भरून घ्यावेत. झाडे मुळांवाटे जमिनीतील ओल शोषतात. ती काढल्यावर काळी माती पुन्हा पाणी धरून फुगते. म्हणून पद्धत कोणतीही असो, साफसफाईनंतर पायाआधी एक पावसाळा जाऊ देणे मला श्रेयस्कर वाटते.

माझ्यापुरता निर्णय ज्या गोष्टीने झाला ती मात्र खड्ड्यांची नव्हती, ढिगाऱ्याची होती. जेसीबी झाडे उपटून एका कोपऱ्यात लोटतो, तेव्हा खोडे, काटेरी फांद्या, दगड आणि वरची सुपीक माती यांचा एकच काला होतो. माती-खड्यांनी भरलेल्या लाकडावर करवत चालत नाही, म्हणून सरपणाचा व्यापारी ते घेत नाही. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीमागे पैसे मागतो आणि त्या प्रत्येक ट्रॉलीतून बागेसाठी हवी असलेली वरची मातीही निघून जाते. ढिगारा हलवल्यानंतरही बाभळीचे आणि बोरीचे काटे जमिनीत मिसळलेले राहतात. आमच्याकडे बांधकाम सुरू असेपर्यंत गवंड्यांच्या चपलांत आणि दुचाकींच्या टायरांत ते रुतत राहिले. समतल, मोकळ्या दिसणाऱ्या त्या जागेवर अनवाणी पाऊल टाकण्याची सोय उरली नव्हती.

मागच्या भागात मजुरांनी आधी कोयत्याने घाणेरी एकाच बाजूने कापत नेली, जेणेकरून साप-विंचवांना दुसऱ्या बाजूने निघून जाण्यास वाट राहावी. नंतर झाडे कापून फांद्या जागच्या जागीच वेगळ्या केल्या. काटेरी फांद्या शेजारच्या शेतकऱ्याने कुंपणासाठी नेल्या, खोडे सरपणात गेली आणि त्यातून मजुरीचा थोडा भार हलका झाला. खुंटांभोवती खणून, मुळ्या कुऱ्हाडीने तोडून, मोठे खुंट चेन-पुलीने ओढून काढले. हे काम संथ आणि कष्टाचे आहे, त्यामुळे एकूण खर्च जेसीबीपेक्षा कमी येईल असे मी सांगणार नाही; ढिगाऱ्याच्या ट्रॉल्या हिशोबात धरल्या तर आमच्याकडे फरक फारसा राहिला नाही. हद्दीवरचा जुना कडुनिंब मात्र सालीला ओरखडा न पडता, मुळांवर यंत्राचे वजन न येता उभा राहिला, याचे समाधान मोठे आहे.

मजुरांची खरी अडचण त्यांच्या मिळण्याची आहे. द्राक्षवेलींची ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा तालुक्यांकडून येणारे मजूर द्राक्षबागांकडे वळतात आणि प्लॉटच्या किरकोळ कामाला कुणी हाती लागत नाही. तेव्हा मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे आणि खुंट काढण्याचे काम पावसानंतर जमिनीला वाफसा (खणण्याजोगी ओल) आल्यावर घ्यावे. भर उन्हाळ्यात काळ्या मातीवर पहार आपटत राहावी लागते.

जागा एकरभर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा झाडीत काटेरी झाडे जवळजवळ नसतील, तर जेसीबी घेणे व्यवहार्य ठरेल. तरीही फांद्या आधी माणसांकडून छाटून बाहेर काढाव्यात आणि यंत्र केवळ खुंटांसाठी बोलवावे. चार-पाच गुंठ्यांच्या घराच्या प्लॉटसाठी मी मजुरांनाच काम देईन. ते उक्ते, म्हणजे ठरलेल्या एकरकमी मजुरीवर, देताना खुंट किती खोल काढायचा, मुळ्या कोण वेचणार आणि काटेरी फांद्या कोण बाहेर नेणार, या तीन गोष्टी मुकादमाकडून आधीच पक्क्या करून घ्याव्यात.